मोटार कोण जाळतं?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आज बोलले, पुढेही बोलतील. माझ्याकडे वेगळा विषय आहे. विजेचं सर्किट. हा शाळेतल्या पोरांचा विषय आहे, त्याचं इथे काय काम, असं मागच्या रांगेत कुणी म्हणत असेल तर त्याने एवढंच सांगावं, की त्याच्या विहिरीवरची मोटार शेवटची कधी जळाली आणि ती नेमकी कशाने जळाली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. दुसऱ्याचं कुणाकडेच नसतं.

आपण कोरडवाहू शेतकरी. आपली विहीर दोन-तीन तासांत तळ दाखवते. सगळं रान भिजवावं इतकं पाणी तिच्यात नाही. पावसाने ओढ दिली तर बोंडं भरायच्या वेळी कपाशीला एक पाणी, ज्वारी पोटरीत आली की एक पाणी. ते एक पाणी मिळालं तर पीक, नाही तर नुसत्या पऱ्हाट्या आणि कडबा. आणि मोटार जळते ती नेमकी त्याच आठवड्यात. लोक म्हणतात नशीब. मी म्हणतो, यात नशिबाचा काही संबंध नाही. त्या आठवड्यात साऱ्या शिवाराला पाणी हवं असतं, साऱ्या मोटारी एकदम चालू असतात, म्हणून त्याच आठवड्यात त्या जळतात. याचा हिशेब मांडता येतो.

मोटार जळाली की तीन माणसं तीन कारणं सांगतात. वायरमन म्हणतो, तुमची केबल खराब. रिवाइंडिंगवाला म्हणतो, व्होल्टेज कमी. दुकानदार म्हणतो, तुम्ही कोरडी चालवली. पैसे मोजणारा चौथा, म्हणजे आपण, तिघांच्या तोंडाकडे पाहतो. कपाशीचा उत्पादन खर्च आपण स्वतः काढायला शिकलो, तेव्हाच भावावर बोलायला आपल्याला तोंड फुटलं. विजेचंही तसंच आहे. व्होल्टचा हिशेब मांडता आला तर दोष कुणाचा हे आपणच सांगू.

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम

तीन शब्द आहेत. टेकडीवरच्या टाकीतून पाईपने पाणी खाली आणलं असं समजा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. हा जोर म्हणजे व्होल्ट. पाईपमधून दर सेकंदाला जितकं पाणी वाहतं तो अँपिअर. त्यालाच आपण करंट म्हणतो. आणि पाईप अरुंद असेल, लांब असेल, आत गाळ बसला असेल तर पाण्याला जी अडवणूक होते ती ओहम.

या तिघांचं नातं शोधणारा जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर. बाप कुलपं बनवणारा कारागीर. वेगवेगळ्या लांबीच्या आणि जाडीच्या तारा घेऊन त्याने मोजमापं केली आणि १८२७ साली पुस्तक छापलं. त्याच्या देशात सुरुवातीला त्याला फारसं कुणी विचारलं नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिलं, मग घरच्यांनाही किंमत कळली. त्याचा नियम एका ओळीचा आहे. अँपिअरला ओहमने गुणलं की व्होल्ट मिळतात. एवढा एक गुणाकार घरी घेऊन गेलात तरी आजचा दिवस वाया गेला नाही असं मी म्हणेन.

पण पाण्याचा दाखला एका ठिकाणी फसतो, आणि तिथेच माणसं मरतात. पाईप फुटला तर पाणी सांडतं. तार तुटली तर वीज सांडत नाही. वीज चालते ती वाट पूर्ण झाली तरच. निघाली तिथे परत येण्याची वाट, म्हणजेच सर्किट. डीपीवर न्यूट्रलची तार जमिनीत गाडलेली असते. म्हणजे आपल्या पायाखालची जमीन हीसुद्धा डीपीला परत जाणारी एक तारच झाली. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, कारण त्याचा जमिनीशी संबंध नाही. ओल्या पाटात उभं राहून तुम्ही तीच तार धरली, तर तुमच्या अंगातून वाट पूर्ण होते. तुटून पडलेली तार शांत दिसते. ती शांत नसते, तिला फक्त वाट मिळालेली नसते.

बल्ब आणि मोटार

व्होल्टेज कमी झालं की घरातला साधा पिवळा बल्ब मिणमिणतो. जोर कमी, करंट कमी, उजेड कमी. त्याचं काही बिघडत नाही. म्हणून कित्येकांना वाटतं, मोटारीचंही तसंच होणार. पाणी थोडं कमी येईल, बाकी काय.

तसं होत नाही. बल्ब हा कामचुकार गडी आहे, मजुरी कमी दिली की कामही कमी करतो. मोटार इमानी बैलासारखी आहे. तिची गती विजेच्या सेकंदाला ५० फेऱ्यांवर ठरते, व्होल्टवर नाही. पाणी उपसायचं काम तेवढंच राहतं. काम म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार. व्होल्ट कमी झाले तर मोटार अँपिअर वाढवून घेते आणि काम पूर्ण करते. त्यातच ती मरते.

आकड्यांत पाहू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तीन फेजच्या मोटारीला ४१५ व्होल्टवर अश्वशक्तीमागे ढोबळ मानाने दीड अँपिअर लागतो. पाणबुडी मोटारीला थोडा जास्त. म्हणजे ५ अश्वशक्तीच्या मोटारीला साडेसात अँपिअर. आता व्होल्टेज ४१५ वरून ३३२ वर आलं, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. करंट सव्वापट होतो, साधारण ९.४ अँपिअर. तुम्ही म्हणाल, सव्वापटच ना? पण तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. जेम्स ज्यूल या इंग्रज माणसाने हे १८४० च्या सुमारास मोजून दाखवलं. सव्वा गुणिले सव्वा म्हणजे दीडपटीहून जास्त. वाइंडिंगच्या तारेवरचं वार्निश तेवढी उष्णता फार दिवस सोसत नाही. आज नाही तर पंधरा दिवसांनी ते उकलतं, एक वेढा दुसऱ्याला चिकटतो आणि मोटार जाते.

शिवाय मोटार सुरू होतानाची ताकद व्होल्टच्या वर्गाने कमी होते. पाचवा हिस्सा व्होल्ट गेले तर सुरुवातीची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी. म्हणून मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. गुणगुणत असताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट खात असते. कान देऊन ऐकत उभं राहू नका, लगेच बंद करा.

व्होल्टचा ताळेबंद

आता मुख्य मुद्दा. डीपीवरून निघालेले व्होल्ट मोटारीपर्यंत पोचता पोचता कुठे गेले? किरखॉफ नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८४५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, दोन नियम सांगितले. दोन्ही शेतकऱ्याला चटकन पटतील असे आहेत. पहिला: पाटाच्या फाट्यावर जितकं पाणी आलं तितकंच पुढे गेलं पाहिजे, करंटचंही तसंच. दुसरा: सर्किटच्या एका फेरीत जितके व्होल्ट मिळाले तितकेच वाटेत खर्च झाले पाहिजेत. जमाखर्च जुळलाच पाहिजे. व्होल्ट हवेत विरत नाहीत.

समजा, शेवटच्या खांबापासून तुमची विहीर ३०० मीटर लांब आहे आणि तुम्ही ४ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची केबल टाकली आहे. स्वस्त मिळते, सगळेच टाकतात. तिच्या एका तारेची अडवणूक २.२ ओहम. साडेसात गुणिले २.२, म्हणजे एका तारेत साडेसोळा व्होल्ट पडले. तीन फेजच्या हिशेबात स्टार्टरवर सुमारे २३ व्होल्ट कमी मिळतात. आणि उष्णता? साडेसातचा वर्ग गुणिले २.२ गुणिले तीन तारा, सुमारे ३७० वॅट. म्हणजे अर्धी अश्वशक्ती वाटेतच केबल तापवण्यात गेली. तीच केबल १० चौरस मिलिमीटरची असती तर व्होल्ट दहाच पडले असते आणि नुकसान निम्म्याहून खाली आलं असतं.

तारेच्या सांध्याचं तर विचारू नका. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली की आपण सांधा झाला म्हणतो. अॅल्युमिनियमवर हवेने थर बसतो, सांधा सैल पडतो, आणि तिथे अर्धा ओहम अडवणूक सहज तयार होते. साडेसात अँपिअरला तिथे २८ वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या केबलला एक सोल्डरिंगची इस्त्री कायमची बांधून ठेवली आहे, असं समजा. तांब्याची आणि अॅल्युमिनियमची तार थेट पिळू नका. दोन धातूंसाठी वेगळा लग मिळतो, तो वापरा.

आता ताळेबंद लिहा. मोटारी चालू असताना डीपीवर ४१०, शेवटच्या खांबावर ३९८, स्टार्टरवर ३७५. इथे ३५ व्होल्टपैकी २३ आपल्या केबलने खाल्ले. वीज कंपनीशी भांडण्याआधी केबल बदला. दुसऱ्या गावात डीपीवर ३५०, स्टार्टरवर ३४२. इथे आपली केबल निर्दोष. व्होल्ट डीपीपर्यंत आलेच नाहीत किंवा डीपीतच मेले. तिसऱ्या गावात रात्री दोन-चार मोटारी चालू असताना डीपीवर ४१५ आणि साऱ्या चालू झाल्या की ३४०. हा डीपीवरच्या जादा भाराचा पुरावा. तीन गावं, एकच तक्रार आणि तीन वेगळी कारणं. नुसतं ‘व्होल्टेज नाही’ म्हणून मोर्चा काढला तर तिघांनाही एकच आश्वासन मिळतं.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांत लिहिलं होतं, की कमी दाबाच्या पुरवठ्यात ठरलेल्या व्होल्टेजपेक्षा ६ टक्क्यांहून जास्त फरक पडता कामा नये. ४१५ चे ६ टक्के २५. म्हणजे ३९० च्या खाली जायला नको. अर्ज लिहिताना आकडा, तारीख आणि वेळ लिहा. आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

डीपीचा हिशेब

डीपीवरच्या पाटीवर के.व्ही.ए.चा आकडा असतो. त्याला चारने गुणा, तीनने भागा. तेवढे अँपिअर ती डीपी प्रत्येक फेजला देऊ शकते. ६३ ची डीपी ८४ अँपिअर. साडेसातने भागा. ५ अश्वशक्तीच्या अकरा मोटारी. १०० ची डीपी १३३ अँपिअर, सतरा मोटारी.

आता आपापल्या डीपीवरच्या मोटारी मोजा. नोंदलेल्या तर मोजाच, पण आकडे टाकून चालणाऱ्याही मोजा. कागदावर ५ ची आणि विहिरीत साडेसातची, त्याही मोजा. माझं बोलणं कडू लागेल. पण ६३ च्या डीपीवर अठरा मोटारी असतील तर नवीन डीपी मागणं हा आपला हक्क आहे, आणि खरा भार सांगणं ही आपली जबाबदारी आहे. खरा भार कागदावर नसला तर वाढीव डीपी कोणत्या कागदावर मंजूर होणार?

दुसरी गोष्ट ऑटो स्विचची. रात्री-बेरात्री साप-विंचवात जायला नको म्हणून प्रत्येकाने ऑटो लावला. त्यात चूक काही नाही, रात्रीची पाळी आपण मागितलेली नाही. पण वीज आली की साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. अकरा मोटारी, प्रत्येकी साडेसात अँपिअर, सुरू होताना सहापट, म्हणजे ४९५ अँपिअर. डीपीची ताकद ८४. मग फ्यूज उडतो, तिथे कुणीतरी जाड तार बांधतो, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपी जळते. उपाय फुकटचा आहे. वेळ मागे-पुढे लावता येणारे ऑटो मिळतात. बसून ठरवा, पहिल्याची मोटार लगेच, दुसऱ्याची अर्ध्या मिनिटाने, तिसऱ्याची एका मिनिटाने. नाही तर पाळ्या लावा. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आपले बापजादे लावत होतेच.

तिसरी गोष्ट कपॅसिटर. मोटारीला काम करणारा करंट लागतो, आणि आतलं चुंबक उभं करायला नुसता येजा करणारा करंटही लागतो. हा येजा करणारा काम करत नाही, पण तार आणि डीपी मात्र तापवतो. मोटारीजवळ कपॅसिटर लावला की ही येजा विहिरीवरच भागते. ५ अश्वशक्तीच्या मोटारीला २ के.व्ही.ए.आर.चा कपॅसिटर लावला तर तारेतला करंट साडेसातवरून सव्वासहाच्या आसपास येतो. एकट्याने लावून फार फरक पडत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर जणू दोन मोटारींची जागा मोकळी होते.

फेज गेला तर

चालू मोटारीचा एक फेज गेला तरी ती थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती ओढत राहते. त्या दोन तारांत करंट पावणेदोन पटीपर्यंत जातो, उष्णता तिप्पट. मोटार जाण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. यावर सिंगल फेज प्रिव्हेंटर मिळतो. त्याची किंमत आणि रिवाइंडिंगची किंमत शेजारी-शेजारी लिहा, मग ठरवा. आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून तो वाढवून किंवा बांधून ठेवू नका. तो कटकट करत नाही, तो सांगत असतो.

फ्यूज माणसासाठी नसतो

आतापर्यंत मोटारीचं बोललो. आता माणसाचं. मायबहिणींनी इकडे जास्त लक्ष द्यावं.

घरात फ्यूज आहे, म्हणून शॉक लागला तर तो उडेल आणि माणूस वाचेल, असं पुष्कळांना वाटतं. हिशेब करू. ओल्या अंगाची अडवणूक हजार ओहम धरा. २३० व्होल्ट भागिले हजार म्हणजे ०.२३ अँपिअर. एवढ्याने माणसाचं हृदय बंद पडू शकतं, याच्या निम्म्यानेसुद्धा. आणि फ्यूज किती अँपिअरला उडतो? पाच, दहा, पंधरा. माणूस जातो आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही. फ्यूज तारेसाठी आहे.

माणसाला वाचवते ती अर्थिंग, पण ती खरी असेल तर. मोटारीच्या किंवा स्टार्टरच्या लोखंडी पेटीला आत फेज चिकटला. अर्थिंगची वाट, डीपीच्या अर्थिंगपर्यंतची जमीन धरून, २ ओहमची असेल तर २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर वाहतात. फ्यूज लगेच उडतो, पेटी सुरक्षित. पण आपली जमीन कोरडवाहू. चैत्र-वैशाखात खड्डा सुकतो, भेगा पडतात, आणि तीच वाट १०० ओहमची होते. मग करंट फक्त २.३ अँपिअर. फ्यूज शांत, मोटारही चालू, आणि पेटी मात्र जिवंत. बटण दाबायला जाणाऱ्या ओल्या हाताची ती वाट पाहते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून ठेवा, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता. रोपाला घालतो तसं.

घरात अर्थ लीकेज ब्रेकर बसवा, ३० मिलिअँपिअरचा. तो किरखॉफच्या पहिल्या नियमावर चालतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सारखा मोजतो. थोडा जरी दुसऱ्या वाटेने, म्हणजे कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की तो क्षणात वीज तोडतो. कपडे वाळत घालायची तार पत्र्याला किंवा विजेच्या वायरजवळच्या खिळ्याला बांधू नका. आणि रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सरळ लाइनची वीज सोडणं हा गुन्हा आहे. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचं पोर यातला फरक कळत नाही.

सौर पंप ज्यांनी घेतले त्यांनीही ऐकावं. पॅनेल एकामागे एक जोडली की व्होल्टची बेरीज होते. चाळीसेक व्होल्टची दहा-बारा पॅनेल म्हणजे चारशे-पाचशे व्होल्ट डीसी. ऊन असेपर्यंत पॅनेलचा जोर बंद करता येत नाही. एका पॅनेलवर झाडाची सावली किंवा धूळ असेल तर त्या ओळीतल्या सगळ्यांचा करंट घटतो. पॅनेल पुसा, पण जोडणीला हात लावू नका.

बिल माफ, मोटार नाही

राज्य सरकारची योजना आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज. म्हणून काही जण म्हणतात, आता विजेचा हिशेब कशाला? बिल माफ झालं, रिवाइंडिंग माफ झालेलं नाही. चुकलेलं एक पाणी कुणी माफ करत नाही. आणि तारेतून गेलेला जीव कुणाला परत करता येत नाही.

गावाने वर्गणी करून एक टोंग टेस्टर आणि एक वही घ्यावी. आठवड्यातून दोनदा, सकाळी आणि रात्रीच्या पाळीत, स्टार्टरवरचे तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर लिहावेत. हे काम ज्याला मीटर धरता येतो त्यानेच करावं, पायात कोरडी चप्पल घालून. डीपीवर मात्र कुणीही चढू नये, फ्यूज टाकायलाही नाही. तिथले आकडे वायरमनने घ्यावेत, आपण खाली उभं राहून वहीत लिहावेत आणि त्याची सही घ्यावी. डीपीवरच्या मोटारींची खरी यादी करावी आणि ऑटोच्या वेळा ठरवाव्यात. पुढच्या बैठकीला येताना निवेदन नंतर आणा, आधी वही आणा. ज्या गावाचे व्होल्ट डीपीवरच कमी भरतील त्या गावांची एक यादी करू आणि ती घेऊन सगळे मिळून कार्यालयात जाऊ. ज्यांची केबल व्होल्ट खाते त्यांनी कपाशी विकून पहिले पैसे आले की केबल बदलावी.

एवढंच सांगायचं होतं. जय हिंद.